देठाजवळचं तिखट

पौषात आभाळ आलं की मी घरात नकोसा होतो. गच्चीवर जुन्या लुगड्यावर लाल मिरची वाळत घातलेली असते, आणि तापातल्या पोराच्या कपाळाला हात लावावा तसा मी दर अर्ध्या तासाला जाऊन तिला हात लावून येतो. एखादी उचलतो, उजेडात धरतो, देठ दाबून पाहतो, वास घेतो. खाली उतरलो की बायको विचारते, "आता कशी हाय तब्येत?" मी म्हणतो, अजून तरी बरी आहे. ती म्हणते, "मिरचीची नाई, तुमची विचारून राह्यली."

यंदाही तसंच आभाळ आलं आहे. तीन दिवस झाले, ऊन नाही. चंद्रपूरचं ऊन म्हणजे एरवी अंगावर येणारं, उसनं दिल्यावर वसूल करायला यावं तसं. ते गेलं की गावावर एक राखाडी ओलसर झाकण बसतं आणि त्या झाकणाखाली काहीतरी हळूहळू उगवायला लागतं. कुठे उगवतं ते दिसत नाही. भाकरीच्या डब्यात, चपलेच्या पट्ट्यात, जुन्या पुस्तकाच्या पाठीवर. बुरशीला पाय नसतात, तरी ती सगळ्यांच्या आधी पोचलेली असते.

मिरची चावल्यावर आणि तिखट लागण्याआधी एक लहानसा वेळ असतो. दात सालीतून आत जातात, थोडं पाणी सुटतं, थोडा हिरवट वास येतो, आणि मग काहीच नाही. जीभ वाट पाहत बसते. तेवढ्या वेळात माणूस उगाच आशावादी होतो. माझ्या आयुष्यात एकदा तो वेळ जवळजवळ वर्षभर लांबला होता.

आमचं गाव राजुऱ्याच्या पलीकडे, तेव्हाच्या आंध्राच्या हद्दीला लागून. गावात घरटी थोडी का होईना मिरची असायची, आणि सगळ्यांच्या मिरचीचं बी पोचुबाईकडून यायचं. पोचुबाई गोंडांच्या टोल्यावर, गावाबाहेरच्या त्यांच्या वस्तीत, शेवटच्या घरात राहायची. नाल्याकाठी तिचं दोन एकराचं रान होतं. तिच्या चुलीवर धुरात एक वाळका भोपळा टांगलेला असे, तोंडाला मातीचा बोळा लावलेला. त्या तुंब्यात राखेत कालवलेलं बी. जूनमध्ये ती बोळा काढायची आणि मूठ मूठ बी वाटायची. पैसे घ्यायची नाही. "वापस मिरची आणून देजा," एवढंच म्हणायची, आणि लोक आणून देत.

बी कुठल्या झाडाचं धरायचं हे ती कशी ठरवायची, ते पाहायला आम्ही पोरं लहानपणी बांधावर बसत असू. माघातल्या एका सकाळी ती उपाशी पोटी रानात उतरायची. ओळीतलं एकेक झाड पाहायची, लाल मिरची तोडायची, आणि देठाजवळ चावायची. टोकाला कधीच नाही. चावून डोळे मिटायची, दहापर्यंत मोजायची, थुंकायची, वाळलेलं मोहाचं एक फूल तोंडात टाकून चघळायची आणि पुढच्या झाडाकडे जायची. ज्या मिरचीनं दहा मोजेपर्यंत तोंड पेटत ठेवलं, त्या झाडाला निळ्या लुगड्याची चिंधी बांधायची. लाल चिंधी मिरच्यांत दिसली नसती. त्या सकाळी ती चाळीस-पन्नास झाडं चाखायची आणि चिंध्या बांधायची सात-आठ.

"टोकाले चावते तो खाणारा," ती म्हणायची. "देठाकडं चावते तो पेरणारा."

"बियात नसते का तिखट?" मी एकदा विचारलं होतं.

"बियात काई नाई. बी गरीब हाय बिचारं. बियाले धरून जे पांढरं असते ना आत, त्याच्यात सारा जाळ."

पुढे मी चंद्रपूरला जाऊन वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो आणि पुस्तकात हेच वाचलं, फक्त चार पानं जास्त. तोपर्यंत गावानं माझं नाव 'बीएस्शी' ठेवून टाकलं होतं. नोकरी नव्हती. म्हणून नाव तरी मोठं.

आता माझा गुन्हा सांगतो. मी तो बऱ्याच बैठकांत रंगवून सांगितला आहे, लोक हसले आहेत, मीही हसलो आहे. पण पौषात आभाळ असताना तो सांगायला बसलो की हसता येत नाही.

त्या हिवाळ्यात पोचुबाईला ताप आला. ताप उतरला, पण तोंड आलं. जीभ, ओठ, गाल, सगळीकडे फोड. पेज गिळतानाही डोळ्यांत पाणी. तिला मिरची चाखणं शक्य नव्हतं. आणि त्याच महिन्यात मी एका लग्नाच्या पंगतीत अकरा मिरच्या खाऊन दाखवल्या होत्या, बाराव्या मिरचीला लोकांनी हात धरला म्हणून थांबलो होतो. ही कीर्ती टोल्यापर्यंत गेली.

तिनं मला बोलावलं. बोलताना तोंड फारसं उघडत नव्हती. "बीएस्शी, तू लई मिरच्या खाते म्हंते. उद्या सकाळी उपाशी जाजो. हे चिंध्या घे. दहा मोजेपर्यंत जे पेटवन त्यालेच बांधजो. घाई नोको करू. तुंब्यात यंदा तू बांधशीन त्याचंच बी राहीन, जुनं सारं वाटून झालं."

मी चिंध्या घेतल्या. अभिमानानं. घरी आलो तर वडशाहून निरोप आलेला. तिथल्या एका नाटक मंडळीत इन्स्पेक्टरचं काम करणारा पडला होता, पाय मोडून. उद्या संध्याकाळी प्रयोग, आणि मला उभं राहायचं होतं. झाडीपट्टीत हिवाळाभर नाटकं चालतात, आणि वडशात इन्स्पेक्टर होणं म्हणजे गावात इन्स्पेक्टर होण्यापेक्षा मोठं. माझी तीन वाक्यं होती. पहिलं, "हवालदार, ह्या घराची झडती घ्या." बाकीची दोन यापेक्षा लांब.

सकाळी रानात उतरलो. पहिली मिरची तोडली, देठाजवळ चावली. वाट पाहिली. आणि मग ती लागली. कानापर्यंत लागली. मी झाडांकडे तोंड करून म्हणालो, "हवालदार, ह्या घराची झडती घ्या," आणि डब्यात अडकलेल्या मांजरासारखा आवाज निघाला. अजून चाळीस मिरच्या खायच्या होत्या. चंद्रपूरला जाऊन चांदा फोर्ट स्टेशनावर वडशाची गाडी पकडायची होती.

मी दुसरी मिरची तोडली नाही. मी रानाकडे पाहिलं, नाटकवाला पाहतो तसं. कुठलं झाड उंच, कुणाच्या मिरच्या लांब, कुणाची साल चकचकीत, कोण ओळीत उठून दिसतं. नायक निवडावेत तशी मी देखणी झाडं निवडली आणि पंधरा मिनिटांत आठ चिंध्या बांधल्या. गाडी मिळाली. वडशात इन्स्पेक्टर झालो. झडती नीट घेतली.

परत आल्यावर पोचुबाईनं विचारलं, "साऱ्या चाखल्या ना?"

"चाखल्या," मी म्हणालो, आणि वर थोडं खोकून दाखवलं.

तिनं चुलीमागच्या डब्यातून गुळाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला. "तोंड जळलं असन," म्हणाली. तो गूळ मला संपेना.

खरी भीती वाटायला उन्हाळा उजाडावा लागला. रिकामा होतो, म्हणून परीक्षेच्या जुन्या वह्या चाळत बसायचो, आणि त्यात झाडांच्या रोगांचा धडा होता. परीक्षेसाठी मी तो पाठ केला होता, वाचला मात्र नव्हता. झाडाला पळता येत नाही. आपल्याला ताप आला तर अंगातलं रक्त फिरतं, सैनिक धावत जातात. झाडाकडे धावणारा सैनिक नाही. त्याच्या प्रत्येक पेशीनं आपापल्या दारात उभं राहायचं. म्हणून झाडं आधीपासून विष भरून ठेवतात, कुठे कडू, कुठे तुरट, कुठे झोंबणारं. आलापल्लीच्या सागाचा काळसर गाभा पावसात वर्षानुवर्षं पडून कुजत नाही आणि बाजूचं पांढरं लाकूड दोन पावसांत भुसा होतं, हे आमच्या सुताराला माहीत होतं. त्याचं कारण त्या धड्यात होतं. गाभ्यात झाडानं जन्मभर औषध साठवलेलं असतं.

आणि जे साठवलेलं नसतं ते वेळेवर तयार होतं. बुरशीचा धागा पानावर टेकतो, सालीला भोक पाडू लागतो, तेव्हा तिच्या अंगाचे बारीक कण सुटतात. झाड त्या कणांवरून ओळखतं की आलेला कोण आहे. म्हणजे झाडही चाखतं. चाखलं की मग आतली भट्टी पेटते, भिंती जाड होतात, नवी विषं शिजतात, आणि कधी कधी तर धागा जिथे शिरला तिथल्या पेशी स्वतःच मरून घेतात, म्हणजे पाहुण्याला पुढे खायला काही उरू नये. पानावर टाचणीच्या डोक्याएवढा तपकिरी ठिपका उरतो. आपल्याला वाटतं रोग आहे. पुष्कळदा तो संपलेल्या लढाईचा खड्डा असतो.

पण हे सगळं त्याला जमतं ज्याला ते वारशात मिळालं आहे. आणि तो वारसा मी लांबी आणि चकाकी पाहून वाटून टाकला होता. पोचुबाई एकदा म्हणाली होती, "फिक्की मिरची पौषात सडते." तिखटाचा आणि बुरशीचा हा संबंध मी छापलेला खूप वर्षांनी वाचला. तेव्हा माझ्याकडे फक्त तिचं वाक्य होतं आणि ते मला झोपू देत नव्हतं.

जूनमध्ये ती तुंबा घेऊन बसली. लोक आले, मूठ मूठ घेऊन गेले. शेवटच्या मुठीनंतर तिनं तुंबा उलटा करून थोपटला. राख पडली. बी नाही. म्हणजे आता जे होतं ते सगळं मातीत होतं. तिच्या आईकडून आणि तिच्या आईच्या आईकडून धुरात टांगत आलेलं बी, आणि मध्ये एक इन्स्पेक्टर.

रोपं सुंदर उगवली. हीच तर भीती होती. श्रावणात लावणी झाली, भादव्यात झाडं गुडघ्याला लागली, लोक बांधावर उभे राहून म्हणायचे, "यंदा पोचुबाईचं बी लई देखणं निंगालं." प्रत्येक कौतुकाला मी मान हलवायचो. दिवाळीत आईनं पहिल्या हिरव्या मिरचीचा ठेचा केला. बाबांनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि आईकडे पाहिलं.

"ठेच्यात साखर टाकली का काय?"

"काऊन, कमी हाय का?" आई म्हणाली. "पाणी जास्त झालं असन यंदा."

मी चार भाकऱ्या खाल्ल्या आणि डोळे पुसत राहिलो. नाटकाचा अनुभव उपयोगी पडला.

मार्गशीर्षात पहिली लाल मिरची घेऊन आईनं मला राजुऱ्याला सत्तारभाईंच्या कांडपावर पाठवलं. सत्तारभाईंचा तो पिढीजात धंदा. तोंडाला ओलं फडकं बांधून ते मिरची कुटणाऱ्या लोखंडी डंग्यांपाशी बसायचे, आणि मिरचीची पारख शिंकांवर करायचे. अमुक गावची पाच शिंकांची, तमुक गावची तीनची. आमच्या गावची मिरची आली की कांडपासमोरची सायकलची दुकानंसुद्धा शिंकायची. त्या दिवशी डंगे वाजत राहिले, लाल धूळ उडत राहिली. सत्तारभाईंनी फडकं खाली ओढलं. नाक वर करून थांबले. परत फडकं ओढलं.

"बाबू, तुमच्याच गावची हाय ना हे?"

"हो."

"अर्धी घाणी कुटून झाली, एक छींक नाई आली." त्यांनी चिमूट उचलून हातावर पसरली. "रंग तर पाह्य, कुंकवावानी. पन आत जान नाई. पोचुबाई बरी हाय ना?"

बरी आहे म्हणालो. परतीच्या बसमध्ये तिखट मांडीवर घेऊन बसलो होतो. पूर्ण प्रवासात शेजारचा माणूस एकदाही शिंकला नाही. मी त्याच्या नाकाकडे पाहत होतो.

आणि मग पौष आला. एका सकाळी उठलो तर उजेडच नव्हता. आभाळ नाल्यावर टेकलं होतं. दुपारपासून झिमझिम. त्याला पाऊस म्हणणं जिवावर येतं. नुसती ओल, हवेत टांगलेली, रात्रंदिवस. तोडणीला आलेली लाल मिरची त्या ओलीत भिजत उभी. तिसऱ्या दिवशी मी आमच्या रानात गेलो. सगळ्यात उंच झाडाच्या सगळ्यात लांब मिरचीवर एक खळगा होता, पाण्यात बोट टेकवल्यासारखा. चौथ्या दिवशी तो काळा झाला, आत एकात एक गोल रिंगणं. मिरची फोडली तर आतलं बी राखाडी, एकमेकांना चिकटलेलं, पांढऱ्या कापसासारख्या जाळ्यात.

शेजारच्या रानात तेच. त्याच्या पुढच्या रानातही. लोक आभाळाला शिव्या देत होते, कुणी जमिनीला, कुणी फवारणीच्या औषधाला. पोचुबाईला कुणी काही बोललं नाही. मला ते जास्त लागलं. पाचव्या दिवशी मी डोक्यावर पोतं घेऊन टोल्यावर गेलो. तीन वाक्यं पाठ केली होती. पहिलं तोंडातून निघालं तेच चौथं होतं.

"पोचुबाई, मी पहिली एकच चाखली होती, बाकीच्या नव्हत्या."

ती चुलीपाशी बसली होती. वर रिकामा तुंबा. तिनं लाकूड आत सारलं.

"मले दिवाळीच्या ठेच्यात समजलं."

"मग बोलल्या काऊन नाई?"

"पेरलेलं उपटता येते का? अन् बोलून काय झालं असतं, गावानं तुले झोडपलं असतं. बी वापस आलं असतं का?" मग थोड्या वेळानं, "इन्स्पेक्टरचं काम चांगलं केलं म्हंते तू. माह्या जावयानं पाह्यलं वडशाले."

मी मान खाली घातली. माझी झडती चालू होती.

"संपलं का बी?" मी विचारलं. हे विचारायलाच मी आलो होतो.

"ते आता तूच पाहून ये. एक झाड चांगलं होतं ना, तू चाखलेलं? त्यालेई बांधली होती ना चिंधी?"

बांधली होती. रागानं बांधली होती, माझा आवाज घालवला म्हणून. आठांतलं ते एक.

"अन् दोन फुलं जवळजवळ असली की माशी इकडलं तिकडं करते," ती म्हणाली. "देखण्यातई एखादं तिखट निंगते. आभाळ गेलं की जाजो. साऱ्यांच्या रानात जा. जे झाड उभं असन, एक डाग नसन, त्याची चाखजो. यंदा बुरशीनं आधीच चाखून ठेवलं, तू फक्त खात्री कर."

आभाळ गेलं त्याच्या दुसऱ्या सकाळी मी निघालो. उपाशी पोटी, खिशात मोहाची फुलं, हातात चिंध्या. वडशाहून परत निरोप आला होता. यंदा इन्स्पेक्टर नाही, खलनायकाचा धाकटा भाऊ, सतरा वाक्यं आणि एक गाणं. मी नाही म्हणून कळवलं होतं.

सडलेल्या मिरच्यांचा एक गोडसर वास येतो. त्या वासातून मी ओळीमागून ओळ चालत गेलो. काळी झाडं, वाकलेली, आणि मध्येच एखादं बुटकं, आखूड मिरच्यांचं, मागच्या वर्षी मी ज्याच्याकडे पाहिलंही नसतं असं झाड, लालभडक, डाग नसलेलं. मिरची तोडायची, देठाजवळ चावायची, डोळे मिटायचे. एक, दोन. काहीच नाही. तीन. हेही फिक्कं निघालं तर. चार. आणि मग जाळ. जीभ, टाळू, कान, डोक्याची कातडी. मी त्या जाळाची एवढी वाट पाहिली होती की पहिल्या झाडाला चिंधी बांधताना रडत होतो. ते तिखटानं की कशानं, ते झाडाला विचारायला पाहिजे.

दोन दिवस चाखत होतो. ओठ सुजून भज्यांसारखे झाले. आवाज गेला. दुसऱ्या संध्याकाळी पोचुबाई स्वतः काठी टेकत बांधावर आली. मी तिला खुणेनं एक झाड दाखवलं. निरोगी, एक डाग नाही, आणि मिरची साफ फिक्की. दहा काय, वीस मोजले तरी काही नाही. तिनंही चावून पाहिली. कमरेची एक चिंधी काढून मला दिली.

मी खुणेनं विचारलं, हे काऊन?

"उभी हाय ना ते," ती म्हणाली. "तिले तिखट नाई येत. तिले दुसरं काई तरी येत असन."

सालीची जाडी असेल, वरचं मेण असेल, आत शिजणारं दुसरं काही असेल ज्याला आमच्या जिभेवर जागाच नाही. पुढे पुस्तकांत पुष्कळ वाचलं. पण अशा शत्रूसमोर सगळ्यांना एकच शस्त्र येत नसतं, आणि आपल्याला न कळणाऱ्या शस्त्रालाही एक चिंधी बांधून ठेवावी, हे मी त्या बांधावर शिकलो, बोलता येत नसताना. कदाचित म्हणूनच नीट ऐकू आलं.

त्या जूनमध्ये तुंबा अर्धाच भरला होता. मूठ नाही, चिमूट चिमूट वाटली गेली. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात सत्तारभाईंनी मला लांबून येताना पाहिलं आणि मी पोतं उतरवायच्या आधीच शिंकले. पोचुबाई त्यानंतर पुष्कळ वर्षं होती. तिचं तोंड केव्हाच बरं झालं होतं, पण माघात उपाशी मीच रानात उतरायचो. इन्स्पेक्टर मी परत झालो नाही. आता गावी धाकटा भाऊ बी राखतो आणि जिभेची परीक्षा त्याची बायको देते. माझ्यापेक्षा ती कडक मोजते.

यंदाची मिरची तिकडूनच आली आहे. आज चौथा दिवस, ऊन नाही. मघाशी मी पुन्हा गच्चीवर गेलो तर एका मिरचीवर खळगा दिसला, लहानसा, पाण्यात बोट टेकवल्यासारखा. शेजारच्या मिरच्या पाहिल्या. त्यांच्यावर काही नव्हतं. बायको मागून आली. तिला न दाखवता मी त्या खळग्याच्या शेजारची मिरची उचलली आणि देठाजवळ चावली.

एक. दोन. तीन. खाली रस्त्यावरून कुणीतरी सायकल घेऊन गेलं. चार. पाच. आभाळ तिथेच होतं. सहा.

"काय हो, लागली का?" बायकोनं विचारलं.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि डब्यात अडकलेल्या मांजरासारखा आवाज निघाला.